एक पाटी दोन वर्षांत निळी पडते, शेजारची तशीच राहते. हा फरक साईन शॉपमधलं लॅमिनेटर मशीन कसं करतं?

इस्लामपुरातून पेठ-सांगली रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्यांकडे जरा नीट बघा. काही पाट्यांवरचा लाल रंग गेलाय, पिवळा तर कधीच उडालाय आणि सगळा बोर्ड निळसर दिसतोय. मालकाचा फोटो ओळखू येत नाही, नंबर वाचता येत नाही. आणि त्याच ओळीत, त्याच उन्हात एखादी पाटी अजून ताजी दिसते.

बऱ्याचदा दोन्ही पाट्या एकाच प्रकारच्या मशीनवर छापलेल्या असतात. शाईही सारखीच असते. फरक असतो तो छापून झाल्यावर वर चढवलेल्या एका पातळ पारदर्शक थराचा. त्यालाच लॅमिनेशन म्हणतात.

सध्या पाट्यांचा विषय तसाही चर्चेत आहे. २०२२ मध्ये राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात बदल झाला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. त्यात जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने इस्लामपूरचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय विधानसभेत जाहीर केला. गावाचं नाव बदललं की दुकानाची पाटी, शाळेचा फलक, गाडीवरचा पत्ता हे सगळं हळूहळू नव्याने करावं लागतं.

म्हणजे काम आहे. पण ते एकदाच नीट करायचं की दर दोन वर्षांनी पुन्हा, हा पैसे देणाऱ्या दुकानदाराचा प्रश्न आहे. आणि कर्ज काढून लॅमिनेटर घेतलेल्या साईन शॉपवाल्याचा प्रश्न असा की, या मशीनमधून पूर्ण पैसे वसूल कसे करायचे?

लॅमिनेटर नेमकं करतं काय?

मशीन तसं साधं आहे. रबराचे दोन मोठे रोलर एकमेकांवर दाबलेले असतात. खालून छापलेलं व्हाइनिल जातं, वरून गोंद लावलेली पारदर्शक फिल्म येते आणि दोघांना रोलर दाबून एक करतात. फिल्मच्या मागचा रिलीज पेपर वेगळ्या दांडीवर गुंडाळला जातो.

या फिल्मचे फायदे तीन. पहिला, प्रिंटवर ओरखडे पडत नाहीत. दुसरा, पाटी ओल्या फडक्याने पुसता येते, धूळ आणि डिझेलचा धूर थेट शाईवर बसत नाही. तिसरा, चांगल्या फिल्ममध्ये अतिनील किरण शोषणारे घटक असतात, त्यामुळे रंग उडण्याचा वेग कमी होतो.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. लॅमिनेशनने रंग उडणं थांबत नाही, लांबतं. उन्हात साधारणपणे पिवळा आणि गुलाबी-लाल रंग आधी फिके होतात, निळा आणि काळा जास्त टिकतात. म्हणून जुनी पाटी निळी दिसते. लॅमिनेशन केलेली पाटीही कधीतरी निळी पडणारच, फक्त बरीच उशिरा.

थंड मशीन की गरम?

झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्ड लॅमिनेट करतात ते गरम मशीन. त्यातल्या पाऊचचा गोंद उष्णतेने वितळून चिकटतो. त्यासाठी साधारण १०० अंशांच्या पुढे तापमान लागतं. एवढ्या उष्णतेत साईन शॉपचं व्हाइनिल टिकत नाही, ते आकसतं.

म्हणून साईन शॉपमध्ये कोल्ड लॅमिनेटर असतं. इथल्या फिल्मचा गोंद दाबाने चिकटतो. काही मशीनमध्ये वरचा रोलर थोडा गरम करायची सोय असते, साधारण ४० ते ५० अंशांपर्यंत. ही उष्णता गोंद वितळवायला नसते, तो जरा मऊ होऊन शाईच्या बारीक खाचखळग्यांत नीट बसावा यासाठी असते.

ही सोय नसलेल्या मशीनवर काम होत नाही असं नाही. पण डिसेंबरच्या थंड सकाळी तेच काम जरा धुरकट, चंदेरी दिसतं आणि दुपारी नितळ होतं. गार गोंद कडक असतो, शाईवर पूर्ण पसरत नाही आणि मध्ये हवेचे अगदी बारीक ठिपके राहतात. रोलर गरम होत नसेल तर थंडीत महत्त्वाचं काम दुपारी घेणं आणि फिल्मचा रोल आदल्या रात्री गार फरशीवर न ठेवणं, एवढ्यानेही फरक पडतो.

सगळ्यात महाग चूक : घाई

दुकानाचं उद्घाटन उद्या सकाळी असतं आणि ऑर्डर आज संध्याकाळी येते. प्रिंट मशीनमधून निघते, हाताला कोरडी लागते आणि लगेच लॅमिनेटरमध्ये जाते. दोन आठवड्यांनी कडा उचलायला लागतात, मध्ये फुगे येतात आणि ग्राहक दारात उभा राहतो.

कारण सॉल्व्हंट आणि इको-सॉल्व्हंट शाई वरून कोरडी वाटली तरी तिच्यातलं द्रावक व्हाइनिलच्या आत मुरलेलं असतं. ते वाफ होऊन बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधी वर फिल्म चढवली की ते आत कोंडतं, गोंद मऊ करतं आणि व्हाइनिलला वाकवतं. म्हणून अशा प्रिंटला किमान २४ तास द्यावेत. गडद रंगांची, भरपूर शाईची प्रिंट असेल तर ४८ तास.

हे तास मोजतानाही एक गोष्ट चुकते. प्रिंट घट्ट गुंडाळून कोपऱ्यात ठेवली तर ती सुकत नाही, कारण हवाच लागत नाही. ती पसरून ठेवावी किंवा सैल गुंडाळी करून उभी ठेवावी. पावसाळ्यात जास्तच वेळ धरावा. नाकाजवळ धरल्यावर शाईचा उग्र वास येत असेल तर प्रिंट तयार नाही, एवढी साधी खूणही पुरते.

लेटेक्स आणि यूव्ही प्रिंटरची गोष्ट वेगळी. त्यांची शाई मशीनमध्येच सुकते, त्यामुळे लॅमिनेशन लगेच करता येतं. उद्या सकाळचं काम घ्यायचंच असेल तर ते अशा मशीनवर छापून आणणं, हा कोंडलेल्या द्रावकापेक्षा स्वस्त मार्ग आहे.

फिल्म आणि व्हाइनिलची जोडी जुळली पाहिजे

बाजारात व्हाइनिलचे ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. मोनोमेरिक हे सगळ्यात स्वस्त, एक ते तीन वर्षांच्या कामाचं. पॉलिमेरिक त्याहून टिकाऊ, साधारण पाच ते सात वर्षांचं. कास्ट सगळ्यात महाग, गाडीच्या वळणांवरही नीट बसणारं आणि सर्वांत जास्त टिकणारं. फिल्मचेही हेच तीन प्रकार असतात.

नियम एकच : खाली जे, वर ते. महागड्या कास्ट व्हाइनिलवर स्वस्त मोनोमेरिक फिल्म चढवली तर उन्हात वरची फिल्म आकसते, खालचं व्हाइनिल आकसत नाही. मग कडा वरच्या बाजूला वळतात आणि स्टिकर सुटतो. ग्राहकाने कास्टचे पैसे दिलेले असतात, पण त्याला आयुष्य मोनोमेरिकचं मिळतं.

ग्लॉसी की मॅट, हाही निव्वळ आवडीचा प्रश्न नाही. ग्लॉसीवर रंग उठून दिसतात, पण समोर ट्यूबलाइट असेल तर पाटी चमकते आणि वाचता येत नाही. दवाखान्याच्या आतले फलक, शाळेतले तक्ते, मंगल कार्यालयातलं फोटोचं बॅकड्रॉप यांना मॅट बरं. जमिनीवर चिकटवायच्या स्टिकरला मात्र साधी फिल्म चालतच नाही. त्याला खास खरखरीत, पाय न घसरणारी फिल्म लागते. ओल्या पायाने कोणी घसरलं तर प्रश्न पाटीचा राहत नाही.

या भागात आणखी एक काम असतं, ते म्हणजे रिफ्लेक्टिव्ह स्टिकर, ज्याला सगळे रेडियम म्हणतात. ऊस गाळपाच्या हंगामात रात्री रस्त्यावर ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या असतात आणि मागून येणाऱ्याला त्या दिसणं हा जिवाचा प्रश्न असतो. अशा स्टिकरवर प्रिंट करून लॅमिनेशन करायचं असेल तर फिल्म स्वच्छ, ग्लॉसीच हवी. मॅट किंवा टेक्स्चर फिल्म प्रकाश पसरवते, त्यामुळे परत येणारा उजेड कमी होतो. जिथे गडद शाई छापली आहे तिथेही चमक मंदावते, म्हणून उजळायची जागा मोकळी ठेवावी.

काम बिघडलं तर दोष ओळखायचा कसा?

चांगला ऑपरेटर बिघडलेला तुकडा फेकण्याआधी नीट बघतो. प्रत्येक दोषाचं कारण वेगळं असतं.

- बारीक चंदेरी ठिपके : दाब कमी, गोंद गार किंवा वेग जास्त. वेग कमी करून बघावा.
- फिल्मवर तिरक्या सुरकुत्या : फिल्म किंवा प्रिंट सरळ लागलेली नाही, नाहीतर रोलरचा दाब एका बाजूला जास्त आहे.
- होडीमागे पाण्यात उमटतात तशा लाटा : दाब गरजेपेक्षा जास्त किंवा दोन्ही टोकांना असमान.
- दोन-चार दिवसांनी कडा वर वळणं : फिल्म ताणून लावली गेली. रोलच्या दांडीवरचा ब्रेक सैल करावा.
- लांबट बोगद्यासारखी हवा : दोनपैकी एक थर ताणलेला होता आणि नंतर तो आकसला.
- ठरावीक अंतरावर तोच डाग : रोलरवर काहीतरी चिकटलंय किंवा रोलर कापला गेलाय.

ताणाचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. सुरकुती न पडता फिल्म सपाट राहील इतकाच ताण द्यायचा, त्यापुढे नाही. फिल्म रबरासारखी असते. आज ताणली तर उद्या ती मूळ जागी यायला बघते.

दाब दोन्ही बाजूंना सारखा आहे का, हे तपासायला यंत्र लागत नाही. एकाच कागदाच्या तीन पट्ट्या कापायच्या. मशीन बंद असताना डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशा रोलरमध्ये धरून रोलर खाली घ्यायचा आणि एकेक ओढून बघायची. तिन्ही सारख्याच जोराने सुटल्या तर दाब बरोबर. एक सहज निघाली तर त्या बाजूला दाब कमी आहे. आठवड्यातून एकदा हे करायला पाच मिनिटं लागतात.

हे मशीन फक्त लॅमिनेशनचं नाही

बरीच दुकानं इथेच पैसे सोडतात. लॅमिनेटर म्हणजे सपाट आणि सारखा दाब देणारं मशीन. मग तो दाब फक्त फिल्मसाठीच का वापरायचा?

सनबोर्डवर प्रिंट चिकटवण्याचं उदाहरण घ्या. हाताने करायचं तर दोन माणसं, स्क्विजी, भरपूर घाम आणि शेवटी सुईने फोडलेले चार बुडबुडे. लॅमिनेटरवर तेच काम एक माणूस करतो. प्रिंटच्या मागचा कागद एका कडेला दोन-तीन इंच सोलायचा, ती कड बोर्डवर सरळ चिकटवायची आणि ती बाजू रोलरखाली घालायची. उरलेली प्रिंट वरच्या रोलरवर उलटी टाकायची. बोर्ड पुढे सरकत जाईल तसा मागचा कागद सोलत जायचा. बुडबुड्याला जागाच राहत नाही.

यात फक्त रोलरमधलं अंतर बोर्डच्या जाडीप्रमाणे लावावं लागतं. ३ मिमीच्या सनबोर्डसाठी लावलेल्या अंतरात ५ मिमीचा बोर्ड कोंबला तर बोर्ड दबतो आणि रोलरही खराब होतो.

याच पद्धतीने एसीपी शीट आणि ॲक्रेलिकवर प्रिंट लावता येते, प्लॉटरवर कापलेल्या अक्षरांवर ट्रान्सफर टेप चढवता येतो, बोर्डाच्या मागे पूर्ण डबल टेप लावता येतो. शेजारच्या दुकानाकडे प्रिंटर असेल पण लॅमिनेटर नसेल, तर त्याचं काम चौरस फुटाच्या दराने करून देता येतं. दुपारी रिकामं उभं राहणारं मशीन असंच कमावतं.

पैसे कुठे गळतात? एक साधा हिशोब

खालचे दर केवळ उदाहरणासाठी आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. समजा ५० इंच रुंद आणि ५० मीटर लांब फिल्मचा रोल ४,१०० रुपयांना मिळाला. त्यात साधारण ६८३ चौरस फूट फिल्म असते, म्हणजे चौरस फुटाला ६ रुपये. दुकान ग्राहकाकडून लॅमिनेशनचे १२ रुपये घेतं. वरवर दुप्पट पैसे.

आता २ बाय ३ फुटांचा एकच स्टिकर लॅमिनेट करायचाय. ३ फूट आडवे लावले तर रोलची लांबी २ फूट लागते. पण सुरुवातीला एक फूट आणि शेवटी एक फूट वाया जातो. म्हणजे ५० इंच रुंदीची ४ फूट फिल्म, जवळपास १७ चौरस फूट, १०० रुपयांची. ग्राहकाकडून ६ चौरस फुटांचे मिळाले ७२ रुपये. म्हणजे मालक खिशातून २८ रुपये घालतोय आणि वर मजुरी, वीज वेगळी.

असेच सहा स्टिकर दिवसभरात सुटे सुटे केले तर फिल्म लागते ६०० रुपयांची आणि मिळतात ४३२. हेच सहा स्टिकर एकाच व्हाइनिलवर दोन-दोन शेजारी लावून छापले आणि संध्याकाळी एकदम लॅमिनेट केले, तर लांबी लागते ११ फूट. फिल्मचा खर्च साधारण २७५ रुपये, मिळतात तेच ४३२. तोट्याचं काम एका झटक्यात फायद्यात आलं, तेही दर न वाढवता.

म्हणून लहान कामं साठवून एकत्र करायची, लॅमिनेशनची ठरावीक वेळ ठेवायची आणि सुट्या कामाला किमान दर लावायचा. उरलेल्या लांबट तुकड्यांमधून मोटारसायकलचे स्टिकर, किमतीच्या चिठ्ठ्या, क्यूआर कोड निघतात.

मशीनचे पैसे कधी फिटतात तेही बघू. समजा मशीन १,२०,००० रुपयांचं आहे. १२ रुपयांतून ६ फिल्मचे आणि ३ मजुरी, वीज, नासाडीचे गेले तर उरतात ३. रोज १०० चौरस फूट काम म्हणजे ३०० रुपये आणि मशीन फिटायला ४०० कामाचे दिवस. नासाडी कमी करून ३ चे ४ झाले तर ३०० दिवस. त्यात बोर्ड चिकटवण्याच्या कामातून रोज २०० रुपये वाचले तर २०० दिवस. मशीन तेच, ग्राहक तेच, पण अर्ध्या वेळेत कर्ज मोकळं.

कुठे लॅमिनेशन करूच नये?

वाढदिवसाचा फ्लेक्स तीन दिवस लागतो. कुस्तीच्या मैदानाचा, गणपतीच्या मंडळाचा, दहावीच्या अभिनंदनाचा फ्लेक्सही तसाच. त्यावर लॅमिनेशन म्हणजे पैसे वाया आणि वर जास्तीचं प्लास्टिक. १ जुलै २०२२ पासून देशात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसीच्या बॅनरवर बंदी आहे, ती अशाच थोड्या दिवसांच्या वस्तूंमुळे.

लॅमिनेशन हवं ते जास्त दिवस राहणाऱ्या, हात लागणाऱ्या, ऊन झेलणाऱ्या किंवा पुसाव्या लागणाऱ्या कामाला. दुकानाची पाटी, गाडीचे ग्राफिक्स, हॉटेलचं मेनूकार्ड, शाळेचा फलक, काउंटरवरचा दर. सरळ 'तुम्हाला याची गरज नाही' असं सांगणाऱ्या दुकानाकडे ग्राहक मोठं काम घेऊन परत येतो.

आणि एक मर्यादा. फिल्म वरून संरक्षण देते, कडेने नाही. पाणी कडेतूनच शिरतं. बाहेरच्या पाटीला कडेने फ्रेम असावी किंवा प्रिंट बोर्डाच्या मागे वळवून चिकटवलेली असावी.

मशीन दहा वर्षं टिकवायचं असेल तर

लॅमिनेटरचा जीव रोलरच्या रबरात असतो. त्यावर कटर कधीच चालवायचा नाही. एकदा चीर पडली की ती प्रत्येक प्रिंटवर उमटते. फिल्म व्हाइनिलपेक्षा रुंद असेल तर बाहेर राहिलेला गोंद खालच्या रोलरला चिकटतो, म्हणून खाली रिलीज पेपर सरकवावा. चिकटलेला गोंद ब्लेडने खरवडायचा नाही, थिनरही नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरतं. रोलर गार झाल्यावरच पुसावा.

काम संपलं की रोलर वर उचलून ठेवायचा. रात्रभर दाबून राहिला तर रबर एका बाजूने चपटं होतं. वीज गेली तरी आधी हेच करायचं, विशेषतः रोलर गरम असताना. मशीनवर कापडाचं आच्छादन हवंच. मशीन रस्त्याकडेच्या दारापासून लांब असलेलं बरं, कारण धुळीचा एक कण फिल्मखाली गेला की कायमचा दिसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे रोलर बोटं ओढून घेतात. ओढणी, पदर, शर्टाची सैल बाही, हातातलं कडं हे सगळं लांब ठेवावं. सुरकुती दिसली म्हणून चालू रोलरजवळ हात घालायचा नाही, आधी मशीन थांबवायचं. नवीन पोराला कामावर घेतल्यावर पहिल्या दिवशी लाल बटण दाखवावं, बाकी सगळं नंतर.

पाटी करायला जाताना काय विचाराल?

दुकानदार म्हणून तुम्ही पाटी करायला गेलात तर चार प्रश्न पुरेत. व्हाइनिल कुठल्या प्रकारचं आहे? फिल्म त्याच प्रकारची आहे का? छापल्यावर किती तास सुकवणार? कडा कशा बंद करणार?

यातल्या तिसऱ्या प्रश्नाला 'लगेच देतो की' असं उत्तर मिळालं आणि शाई सॉल्व्हंटची असेल, तर स्वतःहून सांगा, परवा दिली तरी चालेल. ते दोन दिवस पाटीच्या आयुष्यात वर्षांची भर घालतात. नाहीतर पुढच्या वर्षी पाटी पुन्हा निळी आणि खर्च पुन्हा तुमचाच.